'मोनेता' हा लॅटिन शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी नाणी जमवणारे आणि शब्दांची कुळं शोधणारे असे दोन्ही प्रकारचे वाचक 'मोनेता'बद्दल विचारत असतात. 'मनी', 'मिंट', 'मॉनेटरी' हे शब्द त्यातून निघाले एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढे मात्र देवी, कलहंस, भूकंप आणि युद्धं यांच्या गोष्टी एकमेकींत गुंततात.

उत्तरं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. या शब्दाचे इतिहास दोन आहेत. देवीच्या नावाचा पैसा कसा झाला, हा पहिला. त्याला जागोजागी लेखी पुरावा आहे. देवीला मुळात ते नाव का पडलं, हा दुसरा, आणि त्यावर रोमन लोकांचंही एकमत नव्हतं. आलेल्या प्रश्नांतला निम्मा गोंधळ हे दोन इतिहास एकत्र केल्यामुळे होतो.

१. 'मोनेता' म्हणजे नेमकं काय? कुणी देवी म्हणतं, कुणी टांकसाळ, कुणी नाणं.

तिन्ही बरोबर आहेत, काळ वेगवेगळे आहेत. सुरुवातीला हे जुनो या देवीचं एक बिरुद होतं: जुनो मोनेता. तिच्या देवळालगत रोमची टांकसाळ उभी राहिली, तेव्हा 'मोनेता' म्हटलं की टांकसाळ असा अर्थ होऊ लागला. टांकसाळीतून जे बाहेर पडतं त्यालाही, म्हणजे नाण्याला आणि एकूण चलनाला, तेच नाव चिकटलं. नाणं ज्या ठशाने पाडतात त्या ठशालाही हा शब्द वापरलेला आढळतो. याखेरीज, फार जुन्या एका लॅटिन कवितेत मोनेता ही आणखी वेगळीच देवी आहे. तिच्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

२. उच्चार मोनेटा, मॉनेटा की मोनेता?

लॅटिनमधला 'त' दंत्य होता, म्हणून इथे 'मोनेता' लिहिलं आहे. पहिला 'ओ' ऱ्हस्व, 'ने' दीर्घ, आणि आघात 'ने'वर. इंग्रजीतून आलेल्या शब्दांत आपण 'ट' लिहितो (मॉनेटरी), ते त्या भाषेच्या उच्चाराप्रमाणे ठीकच आहे. शब्द स्त्रीलिंगी आहे.

३. देवीच्या नावाचा पैसा झालाच कसा?

शेजारामुळे. या शब्दाच्या इतिहासातला सगळ्यात पक्का भाग हाच आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

इतिहासकार लिव्ही सांगतो की इ.स.पू. ३४५ मध्ये औरुंकी लोकांशी लढताना लुसियस फ्युरियस कामिलस याने जुनो मोनेताला देऊळ बांधण्याचा नवस केला आणि पुढच्या वर्षी, इ.स.पू. ३४४ मध्ये, ते देवीला अर्पण झालं. जागा होती रोमच्या कॅपिटोलिन टेकडीचं उत्तरेकडचं शिखर. त्याला 'आर्क्स', म्हणजे बालेकिल्ला, म्हणत. त्या वेळी रोममध्ये चांदीचं नाणं पाडलं जात नव्हतं. रोमन लेखक प्लिनी याच्या हिशोबाप्रमाणे ते इ.स.पू. २६९ मध्ये सुरू झालं, म्हणजे देऊळ उभं राहून जवळजवळ पाऊणशे वर्षं झाल्यावर. म्हणून 'पैशाची देवी होती, तिच्या देवळात नाणी पाडत' हे जे सर्रास लिहिलं जातं, त्यातला क्रम उलटा आहे. देवी आधीची, पैशाशी तिचा संबंध टांकसाळ शेजारी आल्यावर जुळला. टांकसाळ नेमकी तिथेच का नेली, याला साधं कारण पुरतं: शहरातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच होती.

लिव्ही एके ठिकाणी 'आज जिथे मोनेताचं देऊळ आणि कार्यशाळा आहे' असे शब्द वापरतो. देऊळ आणि कार्यशाळा, दोन्ही एकाच नावाखाली! शब्द कूस बदलत असताना आपल्याला तिथे दिसतो. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो तर त्याच्याही आधी पुढे गेला होता. इ.स.पू. ४९ मध्ये, सीझर इटलीत शिरल्यानंतरच्या धांदलीत, तो आपला मित्र अ‍ॅटिकस याला लिहितो की वाटखर्चाची सोय 'मोनेताकडून' करावी लागेल, कारण कुणी देणी फेडत नाही; नाहीतर ओप्पियस या सावकार मंडळींकडून. इथे देवीचा प्रश्नच नाही, थेट टांकसाळीबद्दल बोलणं चालू आहे. आपण 'त्याला येरवड्याला पाठवा' म्हणतो तेव्हा गावाचं नाव घेऊन त्या गावातल्या संस्थेबद्दल बोलत असतो. मोनेताचं अगदी तसंच झालं.

एका पिढीनंतर कवी ओव्हिड लिहितो की पूर्वी तांबं देत, आता सोनं शुभ मानतात, आणि जुनी 'मोनेता' नव्या मोनेतेपुढे हरली. इथे ती निखळ नाणं झाली आहे.

४. मग त्याआधी रोमन लोक पैशाला काय म्हणत?

सर्वसाधारण शब्द 'पेकुनिया'. तो 'पेकू', म्हणजे गुरंढोरं, यावरून आला. आपल्या 'पशु' शब्दाचं हे थेट भावंड आहे. सुट्या नाण्याला 'नुम्मुस', तांब्या-कांशाच्या पैशाला 'आएस', चांदीला आणि चांदीच्या पैशाला 'आर्गेंतुम' म्हणत. रोजच्या व्यवहारात हेच शब्द अधिक चालत. 'मोनेता' सगळ्यांच्या पुढे गेली ती साम्राज्य मावळल्यानंतर, लॅटिनच्या लेकी असलेल्या भाषांमध्ये (प्रश्न १०).

५. कलहंसांनी ओरडून रोम वाचवलं, म्हणून जुनोला 'इशारा देणारी' असं नाव पडलं, ही गोष्ट खरी का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यावर हे नाव उभं राहत नाही.

रोमन परंपरेनुसार इ.स.पू. ३९० मध्ये गॉल टोळ्यांनी रोम जाळलं आणि एका रात्री ते कॅपिटोलिन टेकडी चढू लागले. पहारेकरी झोपले होते, कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. जुनोला वाहिलेले कलहंस मात्र कलकलले, मार्कस मॅनलियस जागा झाला आणि त्याने वर आलेल्या पहिल्या गॉलला खाली लोटलं. लिव्ही हे रंगवून सांगतो. पण त्या साऱ्या वर्णनात जुनोला मोनेता हे नाव यावरून पडलं असं तो कुठेही म्हणत नाही. मोनेताच्या देवळाचा नवस तर ४५ वर्षांनंतरचा, आणि तोही वेगळ्या शत्रूशी लढतानाचा.

दुवा आहे तो जागेचा. ज्या मॅनलियसला कलहंसांनी जागं केलं, त्याच्यावर पुढे राजा होऊ पाहतो असा आरोप आला, इ.स.पू. ३८४ मध्ये त्याला देहदंड झाला आणि त्याचं घर पाडलं गेलं. त्या मोकळ्या जागेवर मोनेताचं देऊळ उभं राहिलं, असं लिव्ही आणि ओव्हिड दोघंही सांगतात. तीच टेकडी, तोच माणूस, तीच जुनो. एवढं जुळल्यावर नंतरच्या लोकांनी कलहंसांचा इशारा आणि 'इशारा' वाटणारं नाव यांची सांगड घातली, यात नवल नाही. प्राचीन लेखक मात्र या नावाचं कारण वेगळं देतात. ते पुढच्या उत्तरात.

६. पण 'मोनेता' म्हणजे 'इशारा देणारी' हे तरी पक्कं आहे ना?

लोकप्रिय आहे. पक्कं म्हणता येणार नाही.

लॅटिन 'मोनेरे' म्हणजे आठवण करून देणं, बजावणं, सावध करणं. प्राचीन रोमन लोक 'मोनेता'चा संबंध याच क्रियापदाशी लावत. सिसेरोच्या शकुनशास्त्रावरील संवादात त्याचा भाऊ क्विंटस सांगतो: एकदा भूकंप झाला तेव्हा बालेकिल्ल्यावरच्या जुनोच्या देवळातून आवाज आला की शांतीसाठी गाभण डुकरीण बळी द्या, आणि म्हणून त्या जुनोला मोनेता म्हणू लागले. ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सिसेरो स्वतः उत्तर देतो, की ती गाभण डुकरीण सोडली तर मोनेताने आम्हाला आजवर दुसरं काय बजावलं? इतक्या जुन्या काळी, स्वतः शकुन पाहणाऱ्या धर्ममंडळाच्या सदस्याने विचारलेला हा रोखठोक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

भाषाशास्त्राच्या बाजूनेही अडचण आहे. 'मोनेरे'चं नेहमीचं धातुसाधित 'मोनितुस', स्त्रीलिंगी 'मोनिता' होतं. त्यात 'नि' ऱ्हस्व आहे. 'मोनेता'त दीर्घ 'ने'. अशी दीर्घ रूपं लॅटिनमध्ये अगदीच नाहीत असं नाही: आंबट होणं या अर्थाच्या 'आकेरे'पासून व्हिनेगरला 'आकेतुम' हा शब्द झाला. त्यामुळे दार बंद होत नाही, पण वाट सरळही नाही.

दुसरं मत असं की हे नाव 'मोन्स', म्हणजे डोंगर, याच्याशी जोडलेलं असावं: टेकडीवरची जुनो. या मताला बळ देणारी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जुनो मोनेताचं आणखी एक देऊळ होतं, रोमबाहेर अल्बान डोंगरावर. गायस किकेरेयस याने कॉर्सिकातल्या लढाईत, इ.स.पू. १७३ मध्ये, त्याचा नवस केला आणि पाच वर्षांनी ते अर्पण केलं. तिथे टांकसाळीचा संबंध नव्हता. म्हणजे ऐन नाण्यांच्या काळातही देवीचं हे बिरुद पैशापासून स्वतंत्र जिवंत होतं, आणि दोन्ही देवळं उंचावर होती. उंचावर तर रोमन लोकांची कितीतरी देवळं होती, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो रास्त आहे.

माझं मत विचाराल तर: रोमन माणसाला हे नाव ऐकताना 'मोनेरे' ऐकू येत होतं, एवढं खात्रीने म्हणावं. शब्द मुळात तिथून आला का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो उघडा ठेवावा.

७. एका ठिकाणी वाचलं की युद्धात पैसे संपले म्हणून देवीने सल्ला दिला होता. हे काय आहे?

ही गोष्ट 'सूदा' नावाच्या, दहाव्या शतकातल्या बायझंटाईन ज्ञानकोशात आहे. एपिरसचा राजा पिऱ्हस याच्याशी लढताना (इ.स.पू. २८० ते २७५) रोमन लोकांकडचा पैसा संपला. त्यांनी देवीला कौल लावला. उत्तर आलं की न्यायाने लढलात तर पैसा कमी पडणार नाही. तसंच झालं, म्हणून तिला 'सल्ला देणारी' असा मान देऊन नाणी तिच्या देवळात पाडायचं ठरलं.

सांगणारा घटनेपासून बाराशे वर्षांहून अधिक दूर आहे. शिवाय मोनेता हे नाव पिऱ्हसच्या आधीपासून होतंच (प्रश्न ३), त्यामुळे या गोष्टीने नावाचा उलगडा होत नाही. तरी ती अगदी टाकाऊ नाही. पिऱ्हसचं युद्ध आणि प्लिनीने दिलेलं चांदीच्या नाण्याचं साल यांत फार अंतर नाही. टांकसाळ साधारण कधी सुरू झाली याची धूसर आठवण तिच्यात उरलेली असू शकते.

सेव्हिलचा बिशप इसिडोर याने सातव्या शतकात आणखी एक अर्थ दिला: धातूत किंवा वजनात लबाडी होऊ नये म्हणून ती 'बजावते', म्हणून मोनेता. हे नाणं समोर ठेवून मागाहून लावलेलं कारण आहे. व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही. पण टांकसाळीकडून लोकांची अपेक्षा काय होती, हे त्या एका वाक्यात फार नेमकं उतरलं आहे.

८. मोनेता ही स्मृतीची देवी होती, असंही वाचलं. मग ही दुसरी कोण?

ग्रीक पुराणांत म्नेमोसिनी ही स्मृतीची देवी, नऊ काव्यदेवतांची आई. इ.स.पू. तिसऱ्या शतकात लिव्हियस आंद्रोनिकस याने होमरची 'ओडिसी' लॅटिनमध्ये आणली. त्यातल्या उरलेल्या एका ओळीत काव्यदेवतेला 'मोनेताची कन्या' म्हटलं आहे. नंतर हिजिनसच्या पुराणकथांच्या संग्रहातही काव्यदेवता जुपिटर आणि मोनेता यांच्या मुली आहेत.

'मोनेरे'त आठवण करून देण्याचा अर्थ आहे, त्यावरून आंद्रोनिकसने म्नेमोसिनीसाठी हा शब्द निवडला असणार. जुनो मोनेता आणि ही मोनेता एकच का? पुराणाच्या हिशोबाने नाही: जुनो ही जुपिटरची पत्नी, म्नेमोसिनी वेगळी. तरीही एक धागा आहे. रोमच्या अधिकाऱ्यांच्या जुन्या याद्या तागाच्या कापडावर लिहिलेल्या होत्या, आणि त्या मोनेताच्या देवळात ठेवलेल्या होत्या असं लिव्ही, लिसिनियस मासर या आधीच्या इतिहासकाराच्या हवाल्याने, सांगतो. पैशाच्या आधी ते देऊळ नोंदींचं, म्हणजे एका अर्थी शहराच्या स्मृतीचं, ठिकाण होतं का? शक्यता मोहक आहे. तिच्यावर इमारत उभारण्याएवढा पुरावा मात्र नाही.

९. 'मनी' हा शब्द आपल्या 'मणी', 'मान' किंवा 'मन' यांवरून गेला, असे मेसेज फिरतात. तथ्य आहे का?

संस्कृतातून गेला, हे चूक. लॅटिन 'मोनेता', जुन्या फ्रेंचमधलं 'मोनेय', इंग्रजी 'मनी' ही साखळी लेखी नोंदींतून दिसते आणि तिच्यात कुठेही खिंडार नाही.

'मन'शी चुलत नातं मात्र असू शकतं. लॅटिन 'मोनेरे', मन या अर्थाचा 'मेन्स', 'मी आठवतो' या अर्थाचा 'मेमिनी', आणि आपले मन, मति, मंत्र, मनन हे सगळे एकाच प्राचीन धातूची संतती आहेत. यात कुणी कुणाकडून उसनं घेतलं नाही. मूळ घर एक. मोनेता जर खरोखर 'मोनेरे'ची असेल, तर ती आपल्या 'मना'ची नातेवाईक ठरते. या 'जर'चं वजन प्रश्न ६ मध्ये पाहा.

१०. 'मनी' आणि 'मिंट' दोन्ही एकाच शब्दातून? आवाज तर फारच वेगळे आहेत.

शब्द इंग्रजीत दोनदा शिरला, दोन वाटांनी. रोमन सैनिक आणि व्यापाऱ्यांशी संबंध आलेल्या जर्मानिक टोळ्यांनी तो फार लवकर उचलला. जुन्या इंग्रजीत तो 'मिनेत' झाला, अर्थ 'नाणं'. त्याचाच पुढे 'मिंट' झाला आणि अर्थ सरकून पुन्हा टांकसाळीवर आला. जर्मन 'म्युन्त्स', डच 'मुंट' हे याच वाटेचे. दुसरी वाट फ्रेंचमधून, नॉर्मन विजयानंतरची. तिने 'मनी' आणला. एक बहीण लहानपणीच घर सोडून गेलेली, दुसरी हजार वर्षांनी आलेली.

लॅटिनच्या वारसदार भाषांत शब्द घरचाच राहिला: इटालियन 'मोनेता', स्पॅनिश 'मोनेदा', पोर्तुगीज 'मोएदा', फ्रेंच 'मोने'. अर्थ मात्र एकसारखे नाहीत. फ्रेंच दुकानात 'मोने' म्हणजे प्रामुख्याने सुटे पैसे. पैशाला ते 'आर्जां', म्हणजे चांदी, म्हणतात. स्पॅनिश 'मोनेदा' म्हणजे नाणं किंवा चलन, आणि पैसा म्हणजे 'दिनेरो', जो 'देनारियस' या रोमन चांदीच्या नाण्याच्या नावाचा वंशज आहे. चिलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाला 'ला मोनेदा' म्हणतात, कारण तो मुळात टांकसाळ म्हणून बांधला होता.

पुदिन्याचा 'मिंट' वेगळा. तो लॅटिन 'मेंता' या वनस्पतीच्या नावावरून आला आहे.

११. वर्गातला मॉनिटर आणि कोर्टाचं समन्स यांचाही संबंध आहे म्हणतात?

'मोनेता'शी थेट नाही, 'मोनेरे'शी आहे. 'मोनितोर' म्हणजे आठवण करून देणारा, बजावणारा. 'मोनुमेंतुम' म्हणजे आठवण जागी ठेवणारी वस्तू, त्यातून मॉन्युमेंट. समन्सची वाट लांबची आहे: 'सुब' आणि 'मोनेरे' जोडून हलकेच सुचवणं असा अर्थ होता, फ्रेंचमध्ये तो बोलावणं धाडण्यावर आला, आणि इंग्रजी कायद्याबरोबर आपल्या तालुका कोर्टापर्यंत पोहोचला.

१२. ते देऊळ आज पाहता येतं का?

नाही. त्या शिखरावर आज सांता मारिया इन आराकोएली हे चर्च आहे. देवळाचे म्हणून सर्वांनी मान्य केलेले अवशेष नाहीत, आणि ते चर्चखाली होतं की बाजूला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. देवळाचा वार्षिक दिवस १ जून होता, हे ओव्हिडच्या पंचांगकाव्यावरून कळतं.

टांकसाळही तिथे कायम राहिली नाही. सम्राटांच्या काळात ती खाली, आजच्या सान क्लेमेंते चर्चच्या परिसरात गेली. टांकसाळीच्या कामगारांनी इ.स. ११५ मध्ये अर्पण केलेले शिलालेख त्या भागात मिळाले आहेत. देऊळ मागे राहिलं तरी टांकसाळ 'मोनेता'च राहिली. शेजार संपल्यावरही शब्द टिकला, म्हणजे तोवर तो पुरता सामान्यनाम झालेला होता.

१३. नाण्यावर ही देवी कशी ओळखायची?

सगळ्यात बोलकं नाणं टायटस कारिसियस याचं, इ.स.पू. ४६ मधलं चांदीचं देनारियस. एका बाजूला देवीचा मुखवटा आणि 'मोनेता' हे नाव, दुसऱ्या बाजूला नाणी पाडण्याची हत्यारं: ऐरण, ठसा, सांडशी, हातोडा. टांकसाळीने स्वतःचंच चित्र काढावं असं दुर्मीळ नाणं! कारिसियस हा टांकसाळीवर देखरेख करणाऱ्या तीन तरुण अधिकाऱ्यांपैकी एक. या त्रिकुटाच्या पदनामाचा पूर्ण अर्थ 'तांबं, चांदी, सोनं ओतण्या-ठोकण्यासाठी नेमलेले तिघे'.

सम्राटांच्या नाण्यांवर ती उभी असते, एका हातात तराजू, दुसऱ्यात फळाफुलांनी भरलेलं शिंग. तराजू म्हणजे वजनाची हमी. कधी एकीऐवजी तिघी दिसतात. त्या सोनं, चांदी आणि तांबं या तीन धातूंच्या. तराजू घेतलेली दुसरी एक देवताही रोमन नाण्यांवर असते, एक्विटास, म्हणजे रास्तपणा. दोघी दिसायला जवळजवळ सारख्या. तेव्हा चित्रावर विसंबू नये, भोवतीची अक्षरं वाचावीत.

१४. भारतात सापडलेली रोमन नाणी याच देवळाशेजारी पाडलेली का?

बरीचशी नाहीत, आणि हे ऐकून संग्राहकांना धक्का बसतो. दक्षिण भारतातल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची चांदीची नाणी सर्वाधिक आढळतात. त्या काळात सोन्याचांदीचं काम मुख्यतः गॉलमधल्या लुग्दुनुम इथे, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात, चाले. नंतर ते पुन्हा रोमला आलं.

आपल्या किनाऱ्याचा संबंध नाण्यांच्या प्रवासाशी आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं आणि आत पैठण, तेर ही नगरं येतात. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलून नफा होतो, असंही ती सांगते. भारतीय भाषांत त्या व्यवहारातून उरला तो 'दीनार', गुप्तकाळातल्या लेखांत येणारा, देनारियसपासूनचा. 'मोनेता' मात्र तेव्हा आपल्याकडे आली नाही.

१५. मग मराठी-कोकणी मुलखात हा शब्द आलाच नाही का?

आला, पोर्तुगीजांबरोबर. आल्फोंसो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये गोव्यात टांकसाळ सुरू केली. पोर्तुगीज 'मोएदा' ही लॅटिन 'मोनेता'च आहे: त्या भाषेत दोन स्वरांमधला 'न' गळतो ('लुना', म्हणजे चंद्र, याचं 'लुआ' झालं) आणि 'त'चा 'द' होतो. पणजीत मुख्य टपाल कचेरीजवळ 'कासा द मोएदा' नावाची जुनी वास्तू अजून उभी आहे. १९व्या शतकात तिथे टांकसाळ होती. रोमच्या टेकडीवर या नावाचं काही उरलं नाही, पणजीत उरलं, याचं मला अप्रूप वाटतं.

इंग्रजीच्या वाटेने आलेले शब्द आता रोजचे आहेत. रिझर्व्ह बँकेची मॉनेटरी पॉलिसी कमिटी आणि नोटाबंदीच्या वेळी २०१६ मध्ये सर्वतोमुखी झालेलं 'डीमॉनेटायझेशन' हे दोन्ही त्यातलेच. आपला 'टांकसाळ' हा शब्द वेगळ्या घरचा: 'टंक', म्हणजे नाणं, आणि 'शाला'.

१६. आपल्या 'नाणं' शब्दामागेही देवी आहे का?

तशी व्युत्पत्ती सुचवली गेली आहे. कनिष्क आणि इतर कुषाण राजांच्या नाण्यांवर नाना नावाची देवी आहे, आणि संस्कृत 'नाणक' तिच्यावरून झाला असं मानणारे अभ्यासक आहेत. हे सर्वमान्य नाही. मोनेताच्या बाबतीत देऊळ, कार्यशाळा, टांकसाळ, नाणं या पायऱ्या लेखांतून दिसतात. नानाच्या बाबतीत तशा मधल्या पायऱ्या हाती नाहीत. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून 'सगळीकडे पैशाचं नाव देवीवरूनच पडतं' असा नियम काढू नये.

१७. 'मोनेता'चा लाक्षणिक अर्थाने वापर होता का?

होता. कवी जुव्हेनल म्हणतो की खरा कवी तो, जो सर्वांच्याच वापरातल्या ठशाने बाजारू कविता पाडत नाही. ठशासाठी त्याने 'मोनेता' हाच शब्द घेतला आहे. मध्ययुगानंतर शब्द पुन्हा अर्थशास्त्राकडे वळला. कोपर्निकसने १५२६ मध्ये नाणी पाडण्याच्या पद्धतीवर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. नाण्यातली चांदी कमी केली की चलनाची किंमत कशी घसरते हा त्याचा विषय, आणि 'मोनेता' हा त्याच्या शीर्षकातला पहिला शब्द.

१८. माझ्याकडच्या उशिराच्या रोमन नाण्यावर तळाशी 'एस एम' आणि पुढे काही अक्षरं आहेत. त्याचा मोनेताशी संबंध आहे का?

आहे. चौथ्या शतकात साम्राज्यभर अनेक टांकसाळी होत्या, म्हणून प्रत्येकीची खूण नाण्याच्या तळाशी कोरत. 'एस एम'चा उलगडा 'साक्रा मोनेता', म्हणजे पवित्र, अर्थात सम्राटाची टांकसाळ, असा करतात. काही जण 'सिग्नाता मोनेता', म्हणजे ठसा उमटवलेलं नाणं, असाही करतात. पहिल्या वाचनात शब्द टांकसाळीसाठी आहे, दुसऱ्यात नाण्यासाठी, आणि त्या काळात दोन्ही चालत होते.

त्यापुढची अक्षरं शहराची: 'ए एन टी' असेल तर अँटिऑक, 'एन' असेल तर निकोमेडिया, 'टी एस' असेल तर थेसालोनिका. शेवटी एखादं सुटं अक्षर असेल तर ते टांकसाळीतल्या विभागाचं. 'एस एम' नसेल म्हणून नाणं खोटं ठरत नाही. बऱ्याच टांकसाळी नुसती शहराची अक्षरं घालत. ही पद्धत आजही चालू आहे: मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर सालाखाली लहानसा हिरा असतो.